दुसरा दत्तू

पौष निम्मा सरला की नगर-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना हुरड्याच्या पाट्या लागतात. गरम हुरडा, बैलगाडीतून फेरी, गाड्या लावायची सोय. आमच्या वेळी हुरड्याला पाटी नव्हती. बांधावरून कुणी जाताना दिसलं की शेतातून हाक यायची, आणि नाही म्हणून पुढे जाणाऱ्याचा राग यायचा. आता कणसं तीच, आगटी तीच, चटणीही बऱ्यापैकी तीच, फक्त हाक मारणारा माणूस गणवेशात असतो. मी तक्रार करत नाही. म्हातारपणी तक्रारीची सवय लागली की लोक आपल्याला गाडीत घेत नाहीत, आणि मला गाडीत बसायला आवडतं.

परवा माझी नात ऋता मला अशाच एका ठिकाणी घेऊन गेली. ज्वारीच्या कडेला बुजगावणं उभं केलेलं होतं. जीनची पँट, काळा गॉगल, डोक्याला टोपी. माणसं त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होती. "आजी, उभी राहा ना त्याच्याशेजारी," ऋता म्हणाली. मी नको म्हटलं. "अगं घाबरतेस काय!" ती हसली. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. आडवं गेलेलं मांजर, पिंपळावरचा मुंजा, सगळं पोरांना हसून उडवायला लावलं. भूतखेत मी मानत नाही. पण बुजगावण्याकडे पाठ करून मी बसत नाही, हेही तितकंच खरं. का, ते ऋतानं विचारलं आणि तळहातावर कणीस चोळता चोळता मी सांगायला लागले.

ते साल दुष्काळाच्या पाठचं. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्यानंतरची ज्वारी कशी दिसली असेल ते सांगावं लागत नाही. दीड-दोन वर्षं आम्ही अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली होती. तिची भाकर थापता थापता तडकायची आणि खाल्ल्यावर तोंडाला माती खाल्ल्यासारखं वाटायचं. आणि मग त्या वर्षी श्रीगोंद्याकडच्या आमच्या काळ्या रानात मालदांडी अशी उभी राहिली, की माझा दादा आत शिरला की बाहेरून दिसेना. पानं काळपट हिरवी, कणसं मुठीत न मावणारी. आई रोज सकाळी बांधावर जाऊन नुसती उभी राहायची. तिला शेतात काही काम नसायचं.

दाणा दुधात आला आणि पाखरं आली. दुष्काळात तीही उपाशीच असणार. चिमण्या, साळुंक्या, होले, पोपट, कुठून येत होती देव जाणे. सकाळी धुक्यात शेत दिसायच्या आधी त्यांचा कलकलाट ऐकू यायचा. दादानं शेताच्या मध्यावर चार मेढी रोवून मचाण बांधलं. मी तेव्हा सतरा-अठराची, लग्नाची, म्हणजे घरात सगळ्यात बिनकामाची. त्यामुळे गोफण घेऊन मचाणावर बसायचं काम माझ्याकडे आलं. सोबतीला वहिनी, आणि वहिनीच्या कडेवर दत्तू.

दत्तू माझ्या भावाचा मुलगा. दुष्काळाच्या तोंडाशी जन्मला आणि खडीवर मोठा झाला. वहिनी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तेव्हा बाभळीला बांधलेल्या झोळीत हा असायचा. तिथल्या बायकांनी त्याला सुकडी भरवली आणि तिथल्याच बायकांनी बोलायला शिकवलं. एकीनं 'मम' शिकवलं, एकीनं 'जय कर' म्हटलं की हात जोडायला. 'चिऊ कुठं गेली?' विचारलं की हा दोन्ही हात वर उडवायचा, 'भुर्र'. दिवाळीपर्यंत त्याच्याकडे चांगले डझनभर शब्द होते. बा, आय, मम, चिऊ, काऊ, भू, गेला, दे. मला 'अत्त्या'. स्वतःला 'अत्तू'. आणि मचाणावर आल्यापासून एक नवीन: माझं बघून तोही तोंड वर करून 'हाऽऽ' ओरडायचा आणि मग पाखरं खरंच उडाली का ते आमच्या तोंडाकडे बघायचा. उडालेली असोत नसोत, आम्ही टाळ्या पिटायचो.

हे शब्द मी मुद्दाम एकेक करून सांगते आहे. त्याचा तेव्हाचा आवाज कुठं टिपून ठेवलेला नाही. खेड्यात तेव्हा कुणाकडे टेप होता! त्याचे शब्द माझ्या कानात, वहिनीच्या कानात आणि आईच्या कानात होते. आई गेली. उरलो दोघी.

एका मचाणानं एवढं रान आवरेना, म्हणून बुजगावणं करायचं ठरलं. बुजगावण्याला बाप्याचा जुना सदरा घालतात. पण त्या साली जुना सदरा कुणाकडे होता? दादाच्या अंगावर होता तोच जुना. ठिगळावर ठिगळ. वहिनीनं पेटीतून दत्तूचं बारशातलं अंगडं-टोपडं काढलं. पिवळं, हिरव्या काठाचं. आता ते त्याला कोंबूनही बसत नव्हतं. दोन काटक्यांची फुली बांधली, अंगड्यात कडब्याची पानं भरली, आणि डोक्याला एक गळकं गाडगं पालथं घालून त्यावर टोपडं बांधलं. मी म्हटलं, "वैनी, एवढंसं बुजगावणं बघून पाखरं हसत्याली."

"हसू द्या की. आमचा दत्तू काय कमी हाय व्हय? ह्योच राखल रान," वहिनी म्हणाली.

वहिनी तेव्हा फार हसरी होती. खडी फोडून हाताला पडलेले घट्टे अजून गेले नव्हते, पण घरात ज्वारी येणार होती आणि पोरगं बोलायला लागलं होतं. बुजगावण्याला चुन्याचे डोळे काढतात. तिनं दत्तूच्या डबीतलं काजळ घेतलं, गाडग्यावर दोन मोठे डोळे काढले, आणि गालाला तीट लावली. मग दत्तूला कडेवर घेऊन त्याच्यासमोर नेलं. "दत्तू, ह्यो बघ कोन? ह्यो दुसरा दत्तू. मार हाक त्याला."

दत्तूनं त्या तोंडाकडे बघितलं, बोट दाखवलं, आणि म्हणाला, "अत्तू!"

आम्ही दोघी खिदळलो. आई बांधावरून आली ती ओरडतच आली. "लेकराचं नाव गाडग्याला देत्यात व्हय गं? काडा ती तीट. काडा म्हनते ना!" वहिनीनं जीभ चावली आणि पदरानं तीट पुसली. काजळ ते काजळ, फिस्कटलं आणि गाडग्याचा सगळा गाल काळा झाला. दादानं ते लांब बांबूवर बसवून ज्वारीच्या वर दिसेल असं शेताच्या त्या टोकाला रोवलं.

पौषातल्या सकाळी आमच्याकडे धुकं जमिनीला धरून असतं. मचाणावर बसलं की खाली काही दिसत नाही, शेत नाही, विहीर नाही, घर नाही. पांढऱ्यावर नुसती कणसं तरंगताना दिसायची आणि पलीकडच्या टोकाला एक पिवळं मूल. पाय नसलेलं, हात पसरलेलं. मला माहीत होतं ते काय आहे. माझ्यासमोर बांधलं होतं. तरी रोज सकाळी त्याच्याकडे पहिली नजर गेली की मी शेजारी चाचपून दत्तू आहे ना ते बघायचे.

तो असायचा. पण तो असण्यातलं काहीतरी हळूहळू कमी होत होतं, आणि ते आम्हाला फार उशिरा कळलं. पहिल्यांदा 'चिऊ' गेली की 'मम' गेलं, ते मला सांगता येणार नाही. एखादं भांडं घरातून हरवतं, तसं. ते शेवटचं कधी वापरलं तेच आठवत नाही. तहान लागली की तो माझं मनगट धरून माझा हात तांब्याकडे न्यायचा. माझ्याकडे बघायचा नाही, हाताकडेच बघायचा. संक्रांतीला आईनं 'जय कर' म्हटलं तेव्हा त्यानं हात जोडले नाहीत. झोप आली असेल, म्हणालो. टाळ्या गेल्या. 'भुर्र' गेलं. पत्र्याचा डबा वाजवला की पूर्वी तो खदखदायचा, आता कानांवर हात ठेवून तोंड गवतात खुपसायला लागला. तासन् तास ज्वारीचं एक पान डोळ्यांच्या कडेशी धरून हलवत बसायचा. पानाच्या आड उजेड मिटमिटायचा, तो बघत. कुणी म्हणालं दात येताहेत. कुणी म्हणालं दृष्ट लागली. आईनं मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. मिरच्यांचा ठसका आम्हा सगळ्यांना लागला आणि दत्तू त्या धुरात तसाच बसून राहिला.

मग तो दुपारचा प्रसंग. वहिनी डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन वाटेनं येत होती. दत्तू मचाणाखाली तिच्याकडे पाठ करून बसला होता. तिनं लांबूनच हाक दिली, "दत्तूऽऽ". तो हलला नाही. तिनं पुन्हा हाक मारली. वारा सुटला असेल, सुटलाच होता, मला गालावर लागला. शेताच्या त्या टोकाला बुजगावण्याच्या टोपड्याचे बंद उडाले आणि गाडगं बांबूवर हळूच आमच्या बाजूला फिरलं. काळ्या गालाचं तोंड. वहिनी वाटेतच थांबली. तिनं तिसऱ्यांदा हाक मारली, पण आता तिची नजर दत्तूकडे नव्हती. आणि ते पुन्हा हललं.

तिनं मचाणापाशी येऊन पाटी उतरवली. "वन्सं, तुमी बगितलं?" मी म्हटलं, "वारा हाय वैनी." ती म्हणाली, "वारा ह्याला लागत न्हाई व्हय?"

तेव्हापासून तिनं शेतात दत्तूला नावानं हाक मारायचं सोडलं. घरीही ती त्याला 'आरं', 'लेकरा' म्हणायची. त्या नावाला आता ओ कोण देईल याची तिला खात्री नव्हती.

आणखी एक गोष्ट मी पाहिली, ती मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. ऊन कलतं झालं होतं. मी गोफणीत गुंडा घालत होते आणि खाली बघितलं तर दत्तूच्या हातात एक मोडलेलं कणीस होतं आणि त्याच्या मांडीवर चिमणी बसली होती. एक खांद्यावर. दोन-तीन पायापाशी. त्याच्या हातातल्या कणसातले दाणे टिपत होत्या. तो पान हलवत होता. त्यांना त्याची भीती वाटत नव्हती, तो तिथं आहे हे जणू त्यांच्या लेखी नव्हतंच. आणि लांब त्या टोकाला, बुजगावण्याच्या आसपास, एकही पाखरू नव्हतं. मी गोफण तशीच धरून बसले. मारायची कुणाच्या अंगावर?

शेवटचा शब्द मी ऐकला. एका धुक्याच्या सकाळी दत्तू माझ्या मांडीवर होता, वहिनी घरी धार काढत होती. कितीतरी दिवसांत तो बोलला नव्हता. अचानक तो ताठ बसला, त्या पिवळ्या ठिपक्याकडे तोंड करून स्पष्ट म्हणाला, "आय." शेवट थोडा लांबवून, विचारल्यासारखं. मी त्याला पोटाशी घेतलं, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, असं कितीदा तरी म्हणाले. तो पान शोधायला लागला. मी धावत घरी जाऊन वहिनीला सांगितलं. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "कुनाकडं बगून म्हनला?"

त्यानंतर वर्षानुवर्षं मी माहेरी गेले की ती विचारायची, "वन्सं, कसा म्हनला हुता त्यो?" आणि मी म्हणून दाखवायचे. "आऽय." ती डोळे मिटून ऐकायची.

मग घरात बोलायला तोंड फुटलं. आई म्हणाली, "ज्याचं त्याला परत द्या." दादानं बांबू उपसला, अंगडं सोडवलं, धुतलं, आणि ते दत्तूच्या अंगात घालायला बसले तिघं. ते बसणार नव्हतंच. मान अडकली. दत्तू किंचाळला. तो नुसता रडला असता तर बरं झालं असतं, पण ते किंचाळणं कापड अंगाला भाजल्यासारखं होतं. श्वास कोंडून निळा पडला. मीच ते ओढून काढलं. वहिनी अंगड्याला कवटाळून भिंतीशी बसली आणि म्हणाली, "लेकरू घेत न्हाई परत. दिलं ते दिलं म्हन्तं."

दादा अशा गोष्टी फार मानणारा नव्हता. त्यानं पोराला नगरला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. मीही गेले. डॉक्टरांनी पाठीमागून वाटी वाजवली, दत्तूनं कानांवर हात ठेवले. जीभ बघितली, घसा बघितला. "ऐकू येतं. जीभ चांगली आहे. काही मुलं उशिरा बोलतात."

वहिनी म्हणाली, "पर सायेब, ह्यो बोलत हुता."

डॉक्टर चांगला माणूस होता, हसून म्हणाला, "आईला तसं वाटतं, बाई." मी मध्ये पडले, मीही ऐकलंय म्हटलं. त्यांनी माझ्याकडेही त्याच मायेनं बघितलं. एस.टी.त परत येताना वहिनी खिडकीतून बाहेर बघत होती. "म्हंजी बोललाच न्हवता म्हन्त्यात," ती एकदाच म्हणाली. मला वाटतं त्या दिवशी तिला बुजगावण्याचा आधार वाटायला लागला. निदान त्याला माहीत होतं की मूल बोलत होतं.

वहिनीनं ते अंगडं पुन्हा त्याच फुलीवर चढवलं होतं. होळीला दादानं ते बुजगावणं जाळायला काढलं. त्याचाही धीर सुटला होता. ज्वारी घरात आली होती, कणगी गळ्यापर्यंत भरली होती आणि पोरगं त्या कणगीला डोकं आपटत होतं. वहिनी धावत आली आणि पेटत्या होळीसमोर त्या फुलीवर पडली. "जाळू नगा! त्यात हाय त्यो. जाळलं तर कायमचा गेला!" सगळं गाव बघत होतं. दादानं हात मागे घेतला.

तेव्हापासून ते गाडगं, ती फुली आणि ते अंगडं आतल्या खोलीत कणगीमागं आहे. वहिनी दरवर्षी काजळ घालून त्याचे डोळे नवे करते. सणाच्या दिवशी पहिला घास त्याच्यासमोर ठेवते, मग दत्तूला भरवते. दत्तूचं एक वेगळंच. तो आत गेला की गाडग्याचं तोंड भिंतीकडे फिरवतो. वहिनी ते परत खोलीकडे फिरवते. इतकी वर्षं हे चाललं आहे आणि दोघांपैकी कुणीच कधी त्यावरून रागावलं नाही. दत्तूला मिशा आल्या, त्या पांढऱ्या झाल्या. दादा गेला. कणगी रिकामी झाली, धान्य पत्र्याच्या कोठीत आलं. गाडग्याचं वय तेवढंच राहिलं.

एवढं सांगून मी थांबले. हुरड्याचं पान ऋताच्या पुढ्यात तसंच निवून गेलं होतं. ती पुण्यात अशाच मुलांच्या शाळेत शिकवते, न बोलणाऱ्या, आपल्यातच राहणाऱ्या. तिच्यामुळेच मला स्वमग्नता हा शब्द ठाऊक झाला आणि दत्तू त्यातलाच हेही मनाशी पटलं होतं. पण मला वाटायचं, अशी मुलं जन्मापासून तशी असतात. दत्तूचं तसं नव्हतं. दत्तूचं कुणीतरी नेलं होतं. शाळेत पोरांना शिकवताना मी हे असं म्हटलं नसतं. पण आत कुठंतरी मलाही ते तसंच वाटत आलं होतं.

"आजी," ऋता म्हणाली, "काही मुलांत असंच होतं. आलेले शब्द जातात. टाटा करणं, बोट दाखवणं, नावाला वळून बघणं. वर्ष-दोन वर्षांच्या दरम्यान. का, ते नीट कळलेलं नाही. पण आईनं काही केलं म्हणून होत नाही. माझ्या वर्गात आहेत अशी मुलं." मग ती म्हणाली, "पण रत्नाआजीला, तुझ्या वहिनीला, हे कुणी सांगितलंय का?"

कोण सांगणार? गाडी आम्ही तशीच श्रीगोंद्याकडे वळवली.

वहिनी ओट्यावर कणसं निवडत होती. केस पांढरे झालेत, हात तेच, घट्टे पडलेले. दत्तू उंबऱ्यात बसला होता, ज्वारीचं पान डोळ्याच्या कडेशी धरून. तो पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. अंगणातल्या बादल्या तो ओळीनं भरतो, गुरांना वैरण घालतो, आणि मी आले की माझ्या चपला नीट जुळवून भिंतीशी लावतो. तेवढ्यावरून मला कळतं, त्यानं ओळखलं. परवाही त्यानं लावल्या.

ऋतानं वहिनीचा हात हातात घेऊन सगळं सांगितलं. तिला ते सांगायची सवय आहे, ती हळू सांगते, थांबून. वहिनी तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती.

"म्हंजी अंगड्यानं न्हाई झालं?"

"नाही आजी."

"मी नाव दिलं त्यानं न्हाई?"

"अजिबात नाही. तुम्ही काहीच चुकला नाहीत."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता रडेल आणि मोकळी होईल. पन्नास वर्षांचं ओझं उतरताना आपण हजर आहोत, याचा मला थोडा अभिमानही वाटला असेल. वहिनीनं पदर खाली घेतला. मग तिची नजर आतल्या खोलीकडे गेली.

"मंग त्यो त्यात न्हाई?"

ऋता माझ्याकडे बघायला लागली.

"मंग कुठं हाय?"

मी म्हटलं, "वैनी, हा काय, समोर बसलाय की."

"ह्यो हायच की, वन्सं," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मी फार साधी गोष्ट चुकले होते इतकंच. "ह्याला मी कवा न्हाई म्हनलं? ह्याचं सगळं केलं. ह्यो माजा हायच. मी त्या बोलनाऱ्याचं इचारतीया. त्यो कुठं गेला?"

अंगणात ऊन होतं, पाखरं ओरडत होती. ते मूल खरंच होतं. मांडीवर बसलेलं, 'अत्त्या' म्हणणारं. ते मेलं नाही, म्हणून त्याला कुणी रडलं नाही. मोठं झालं नाही, म्हणून ते कुठं भेटतही नाही. मूल असं जातं तर कुठं जातं?

वहिनी उठून आत गेली आणि गाडगं घेऊन आली. टोपडं विटून मातीच्या रंगाचं झालं होतं, डोळे मात्र ताजे काळे. तिनं ते उलटं करून त्याची उघडी बाजू माझ्या कानाशी धरली.

"तुमी आयका. तुमी शेवटचं आयकलं हुतं. हाय का न्हाई, तुमी सांगा."

रिकामं भांडं कानाशी धरलं की घुमतं. हे मी चौथीच्या वर्गाला शिकवलेलं आहे. आत गार होतं, जुन्या काजळाचा वास होता आणि लांबवर काहीतरी सतत घुमत होतं, धुक्यातल्या शेतासारखं. ऋता मान हलवून मला नको नको म्हणत होती. वहिनीचे डोळे माझ्या ओठांवर होते.

"येतंय," मी म्हणाले.

"काय म्हन्तोय?"

"आऽय," मी म्हणून दाखवलं. शेवट थोडा लांबवून.

वहिनी गाडगं माझ्या हातात देऊन हळूच खाली बसली. "मी रोज कान लावते," ती म्हणाली. "पन्नास वर्सं. मला कवाच न्हाई ऐकू आलं."

मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. दत्तू उंबऱ्यातून उठला. त्यानं माझ्या हातातलं गाडगं घेतलं, टोपड्याचे बंद सारखे केले, आत गेला, आणि ते कणगीमागं ठेवताना त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. परत येऊन त्यानं आपलं पान उचललं. वहिनी उठून ते फिरवायला जाईल म्हणून मी वाट बघत होते. ती गेली नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि निवडलेली कणसं माझ्या ओटीत घातली. "फुडल्या साली हुरड्याला या, वन्सं. न चुकता या. तुमाला ऐकू येतं."